कूलरच्या टबात हूवर धरण: एकास हजार मापाचं मॉडेल कसं करायचं

एप्रिलच्या सुरुवातीला ताईचा फोन आला, पोट्टीच्या उन्हाळी शिबिराचं प्रदर्शन आहे, धरण करायचं म्हणून राहिली आहे, तू साइटवर असतोस तर तूच बघ बाप्पा. मी म्हटलं थर्माकोल आणतो, निळा रंग मारतो, तासाभरात होते. तर भाची फोनवर आली नि म्हणाली, मामा थर्माकोलचं सगळेच करतात, मला खरं पाणी धरणारं पाहिजे नि ते वाळवंटातलं पाहिजे, अमेरिकेचं. मोबाइलवर फोटो पाठवला तिनं, हूवर धरणाचा. खाली प्रश्न, "हे भिंत काहून वाकडी आहे?"

त्या प्रश्नापायी माझे तीन रविवार गेले. पण मॉडेल झालं, पाणी धरलं, आणि करताना मलाच बऱ्याच गोष्टी कळल्या, म्हणून जसं केलं तसं लिहून ठेवतो. कोणाला करायचं असेल तर चुका माझ्या झाल्याच आहेत, तुम्ही नका करू.

आधी माप. हूवर धरण कोलोरॅडो नदीवर आहे, नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर, लास व्हेगासपासून पन्नासेक किलोमीटर. आजूबाजूला मोहावी वाळवंट. उंची २२१ मीटर, माथ्यावरून लांबी ३७९ मीटर, तळाशी जाडी २०१ मीटर आणि वर फक्त १४ मीटर. एकास हजार माप धरलं की एक मीटर म्हणजे एक मिलिमीटर, गणितच संपलं. उंची २२ सेंमी, लांबी ३८ सेंमी, तळ २० सेंमी जाड, माथा १४ मिमी. माणूस दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, तिळाएवढा. भिंतीत लागलेलं काँक्रीट सुमारे २५ लाख घनमीटर, ते आपल्या मापात येतं अडीच लिटर, म्हणजे पाच-सहा किलो माल. पाचशेचं माप धरलं असतं तर हेच पन्नास किलो झालं असतं आणि ऑटोवाल्यानं दारातूनच हात जोडले असते, म्हणून हजारच धरा.

टब कुठून आणायचा? नागपुरात प्रत्येक घराच्या गच्चीवर एक तरी मेलेला डेझर्ट कूलर पडलेला असतो, त्याचा खालचा लोखंडी टब घ्या. साधारण दोन-अडीच फुटांचा असतो, खोली धरणाला पुरते. गंजलेला असेल तर आतून एपॉक्सी पेंटचे दोन हात मारून घ्या. नसेलच तर इतवारीत पत्र्याच्या दुकानात तसला टब मिळतो, पण फुकटचा शोधाच, शेजारी पण खूश होतात.

बाकी सामान: दहा किलो सिमेंट, चाळलेली कन्हान रेती दोन घमेली, विटांचे नि काळ्या दगडाचे तुकडे, अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप चार-पाच मीटर, लाइटवाल्याचा २५ मिमी कंड्युट पाइप अर्धा मीटर, एमसील, प्लायचे तुकडे, लहान थापी, रबरी हातमोजे. हातमोजे खरंच घ्या, ओल्या सिमेंटनं कातडी जळते, पोरांची तर लवकर.

आता इथे बहुतेक लोक चुकतात, म्हणजे मीच चुकलो, की भिंत आधी बांधायला घेतो. भिंत सगळ्यात शेवटी. आधी डोंगर, मग बोगदे, मग पाया, मग भिंत. तिथेही तसंच झालं होतं नि त्याला कारण आहे.

डोंगरासाठी टबाच्या दोन्ही बाजूंना विटांचे तुकडे नि दगड सिमेंटच्या मालात बसवत या, मधे निमुळती फट ठेवा, वर रुंद खाली अरुंद. खरी जागा आहे ब्लॅक कॅन्यन. गंमत म्हणजे कायदा झाला "बोल्डर कॅन्यन" प्रकल्पाचा नि धरण बांधलं ब्लॅक कॅन्यनमध्ये, तरी कागदावरचं नाव तेच राहिलं, सरकारी काम सगळीकडे सारखंच. तिथला खडक ज्वालामुखीचा. आपली नागपूरची सेमिनरी हिल्सही ज्वालामुखीच्याच लाव्हाची, बेसाल्ट, म्हणून मी काळा दगड वापरला, दिसतोही बरा. दगड पत्र्याला नुसता टेकवू नका, मालात गच्च बसवा. हे डोंगर शोभेसाठी नाहीत, का ते पुढे सांगतो.

खऱ्या कामात हे कडे आधी सोलून काढायचे होते, सैल दगड नि उन्हानं फुटलेला थर काढल्याशिवाय काँक्रीट खडकाला धरत नाही. त्यासाठी माणसं वरून दोरावर लोंबकळायची, हातात ड्रिल, सब्बल आणि डायनामाइट. वरून दगड पडायचे, तर या लोकांनी कापडी टोप्या डांबरात बुडवून वाळवल्या नि स्वतःच कडक टोप्या तयार केल्या. नंतर कंत्राटदारांनीही तसल्या टोप्या मागवल्या. माझ्या साइटवर अजून पोरं हेल्मेट काढून त्यात समोसे ठेवतात, त्यांना ही गोष्ट सांगून झाली आहे, फरक पडला नाही.

मग बोगदे. चालू नदीत पाया खणता येत नाही, नदी बाजूला काढावी लागते. डोंगरातून चार बोगदे काढले, नेवाडाच्या बाजूनं दोन, ॲरिझोनाच्या बाजूनं दोन, खणताना व्यास १७ मीटर, आतून अस्तर केल्यावर १५. एकेकाची लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास. आपल्या मापात १५ मिमी जाडीचा सव्वा मीटर पाइप, अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून जवळपास तेवढाच, नशीब. टब लहान आहे तर पूर्ण लांबी बसणार नाही, बसेल तेवढा ठेवा, प्रत्येक डोंगरातून दोन पाइप, भिंतीच्या मागून शिरून पुढे निघतील असे, नि पुढच्या टोकाला बूच लावता यावं म्हणून टोक बाहेर काढून ठेवा. डोंगर रचतानाच हे पाइप आत घालायचे. मी विसरलो, नंतर ड्रिलनं भोकं पाडत बसलो, अर्धा डोंगर हातात आला.

नदी या बोगद्यांत वळवली नोव्हेंबर १९३२ मध्ये. पण बोगद्याचं काम सुरू झालं १९३१ च्या उन्हाळ्यात, आणि तो उन्हाळा वाईट होता. कामगारांची वसाहत तयार नव्हती, मंदीचे दिवस, देशभरातून बेकार लोक बायकापोरं घेऊन आलेले, नदीकाठी तंबू नि पत्र्याच्या झोपड्यांत राहायचे. उष्माघातानं माणसं गेली. बोगद्यात पेट्रोलच्या गाड्या चालायच्या, धूर बाहेर जायला जागा नाही. ऑगस्टमध्ये संप झाला, तो मोडला. अधिकृत आकडा कामावर ९६ मेले असा आहे, आणि त्यात आजारपण म्हणून नोंदलेले धरलेले नाहीत, बरेच जण तेव्हा न्यूमोनियानं गेले म्हणून लिहिलं, तो खरा न्यूमोनिया होता की धूर यावरून वाद आहे. लोक सांगतात भिंतीत माणसं गाडली गेली म्हणून, ते मात्र खोटं. कप्प्यात एका वेळी माल इतकाच चढायचा की माणूस बुडणं शक्य नाही, आणि शिवाय कोणता इंजिनीअर भिंतीत पोकळी राहू देईल.

पाया खणताना हे लक्षात ठेवा, नदीच्या तळाखाली चाळीसेक मीटर गाळ नि दगडगोटे होते, ते सगळं काढून पक्क्या खडकावर गेले तेव्हा कुठे काँक्रीट पडलं. म्हणून २२१ मीटरपैकी ४० मीटर भिंत दिसतच नाही. मॉडेलमध्ये टबाच्या तळाशी आधी भिंतीची जागा रिकामी ठेवून बाकी ठिकाणी ४ सेंमी रेती-मातीचा थर भरा, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की अर्धं काम खालीच आहे.

भिंत प्लास्टर ऑफ पॅरिसची करू नका. मी पहिली तीच केली, सीताबर्डीतून पाच किलो आणलं, दिसायला पांढरीशुभ्र झाली, दोन दिवस पाण्यात ठेवल्यावर कडा मऊ पडल्या, नखानं खरवडून निघायला लागली. सिमेंटच घ्या, एकास तीन, पाणी कमी. प्लायचे तीन फर्मे कापा, उंची २२, खाली २०, वर १.४, पाण्याकडची बाजू जवळपास उभी, दुसरी उतरती. टबाच्या तळाशी सुतळी नि खिळ्यानं १५ सेंमी त्रिज्येचा चाप मारून घ्या, त्याचा फुगवटा पाण्याकडे. इथे उलटं करू नका, फुगवटा पाण्याकडेच, पाण्याला पाठ दाखवल्यासारखा नाही तर छाती काढून उभा राहिल्यासारखा. फर्मे दोन टोकांना नि एक मधे धरून कोरडसर माल थरांनी चढवत जा, दोन-दोन सेंमीचा थर, थापीनं ठोकून. फर्मे नंतर काढा नि फटी भरा.

आता ती वाकडी का. भाचीला मी व्हिजिटिंग कार्ड दिलं, म्हटलं दोन वह्या जड पुस्तकांखाली दाबून ठेव, मधे हे कार्ड सरळ उभं कर नि बोटानं ढकल. वाकलं. मग तेच कार्ड बाकदार करून दोन वह्यांच्या मधे अडकव नि फुगवट्यावर ढकल. धरून राहिलं. मग मी वरची पुस्तकं काढून घेतली नि म्हटलं आता ढकल. वह्या दोन्हीकडे सरकल्या, कार्ड पडलं. "म्हणजे कार्ड नाही मामा, वह्या धरून ठेवून राहिल्या." तेच. कमान पाण्याचा दाब स्वतः झेलत बसत नाही, दोन्ही डोंगरांवर टाकून देते. म्हणून डोंगर गच्च पाहिजेत. हूवरमध्ये दोन्ही गोष्टी आहेत, वजन पण इतकं की जागेवरून हलणार नाही आणि वरून कमान, दुहेरी कारभार. आपल्या तोतलाडोह धरणाला जाऊन बघा, ती सरळ भिंत आहे, सगळा भार वजनावर. तिथे तेच योग्य, दरी वेगळी, उंची ७५ मीटरच्या आत.

भिंत खाली एवढी जाड नि वर सुपारीएवढी बारीक का, हे दाखवायला पाण्याची जुनी बाटली घ्या, वरून खाली तीन भोकं पाडा, खालची धार सगळ्यात जोरात निघते. दाब खोलीवर ठरतो, तलाव मागे किती लांब पसरला त्यावर नाही. हे मोठ्या माणसांना पण पटत नाही. हूवरच्या तळाशी दर चौरस सेंमीवर २२ किलोच्या आसपास दाब येतो, कारच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या दहापट. मॉडेलमध्ये मात्र तळाला दाब हजार पटीनं कमी, त्यामुळे आपली भिंत दाबानं फुटेल अशी भीती नको, आणि आपली टिकली म्हणजे आपण मोठे इंजिनीअर झालो असंही समजू नका. माझ्या ओळखीतला एक जण मॉडेलवर उभा राहून दाखवतो, त्याला काही अर्थ नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे धरण सगळ्यात आवडलं ती सांगतो, गरमी. उन्हाची नाही, सिमेंटची. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना उष्णता सोडतं. स्लॅब टाकल्यावर रात्री हात लावून बघा, कोमट लागतो. स्लॅब पाच इंचाचा असतो, गरमी निघून जाते, वरून आपण पाणी मारतो. पण २०० मीटर जाडीच्या आत निर्माण झालेली गरमी जाणार कुठे? हिशोब असा होता की एकसंध ओतली असती तर भिंत थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागली असती, आणि थंड होताना आकसून तडे गेले असते ते वेगळेच.

हे घरी दाखवता येतं. आपली अडीच लिटरची भिंत पटकन थंड होते म्हणून तिच्यात काही दिसणार नाही. वेगळं करा, थर्माकोलचा झाकणाचा लहान डबा घ्या, त्यात नुसतं सिमेंट नि पाण्याचा घट्ट गोळा अर्धा लिटरभर, मधे प्लास्टिकच्या पातळ नळीत थर्मामीटर, झाकण बंद. तसाच गोळा दुसरा उघड्या वाटीत. थर्माकोल म्हणजे भिंतीचं पोट समजा, गरमीला बाहेर जायला वाट नाही. आम्ही संध्याकाळी सातला भरले नि भाची पहाटे उठून आधी तिकडेच गेली, वाटीतला गोळा साधा, डब्यातल्याला हात लावला नि "आई गं" करून मागे घेतला. पारा पन्नासच्या वर होता. एप्रिलच्या नागपुरात पन्नास म्हणजे काही विशेष नाही असं तिचे बाबा म्हणाले ते सोडा. हात लावू देऊ नका, थर्मामीटरच वाचा.

तिथे त्यांनी काय केलं, तर भिंत एकदम न ओतता मोठाले चौकोनी खांब करून चढवली, एका वेळी दीड मीटर थर, म्हणजे आपल्या मापात दीड मिलिमीटर. प्रत्येक थरात एक इंची लोखंडी नळ्या टाकल्या, सगळ्या मिळून ९३७ किलोमीटर, नागपूरहून पुण्याला जाऊन वर दोनशे किलोमीटर उरतील. त्या नळ्यांत आधी कूलिंग टॉवरमधून गार केलेलं नदीचं पाणी फिरवलं, मग बर्फाच्या कारखान्यासारखं यंत्र बसवून त्याचं थंडगार पाणी. कूलिंग टॉवर म्हणजे काय, आपला डेझर्ट कूलरच, फक्त हवेऐवजी पाणी गार करायचं. कोरड्या हवेत पाणी उडतं नि जाताना गरमी घेऊन जातं, वाळवंटानं निदान एवढी तरी मदत केली. खांब गार होऊन आकसले की मधल्या फटींत नि नळ्यांत सिमेंटचं पातळ ग्राउट दाबानं भरून टाकलं. मग ती एक भिंत झाली. आणि आपल्या स्लॅबसारखी सळ्यांची जाळी त्या भिंतीत नाही बरं का, साइटवर हे सांगितलं तर आमचे सेंट्रिंगवाले विश्वास ठेवत नाहीत.

मॉडेलमध्ये नळ्या दाखवायच्या तर फिश टँकची पातळ नळी एका थरात नागमोडी घालून दोन्ही टोकं बाहेर काढा, बस. आणि भिंत झाल्यावर सात दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारत राहा, एप्रिलमध्ये दिवसातून चार-पाच वेळा तरी, नाहीतर तडे गेलेच म्हणून समजा.

काँक्रीट पहिल्यांदा पडलं ६ जून १९३३ ला आणि शेवटचं २९ मे १९३५ ला, दोन वर्षं सुद्धा नाही. डोक्यावरच्या तारांवरून बादल्या यायच्या, एका बादलीत सहा घनमीटर, म्हणजे आपला एक ट्रान्झिट मिक्सर. नुसत्या भिंतीचे चार लाख मिक्सर झाले. कंत्राट सहा कंपन्यांनी मिळून घेतलं होतं, नावच सिक्स कंपनीज, बोली सुमारे ४ कोटी ८९ लाख डॉलर, आणि काम चालवणारा फ्रँक क्रो. ठरल्या मुदतीच्या दोन वर्षं आधी संपलं. उद्घाटनाला ३० सप्टेंबर १९३५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले. नावावरून मात्र राजकारण झालं, आधी तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाचं म्हणून हूवर, मग सरकार बदलल्यावर बोल्डर धरण, आणि १९४७ मध्ये परत हूवर. रस्त्यांची नावं बदलताना आपण नवीन काही करत नाही.

सात दिवसांनी पाणी भरा, आणि गळेल हे धरून चाला. आमचं गळलं. भिंत कोरडी ठणठणीत, पाणी भिंत नि दगडाच्या जोडातून, आणि पाइपच्या कडेनं. मी जरा खट्टू झालो, मग वाचलं की हूवरचंही असंच झालं होतं. तलाव भरायला लागला तसं डोंगरातून पाणी झिरपायला लागलं, भिंतीखालच्या खडकात ग्राउटचा जो पडदा केला होता तो पुरेसा खोल नव्हता, मग १९३८ ते १९४७ अशी नऊ वर्षं भोकं पाडून ग्राउट भरत बसले. उद्घाटनानंतर! तर तुम्ही पण टब रिकामा करा, वाळू द्या, वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला सिमेंटचा पातळ घोळ ब्रशनं जोडांवर तीन हात द्या, पाइपभोवती एमसील. दुसऱ्यांदा थोडं झिरपेल. तेवढं चालतं, खऱ्या धरणात पण झिरपतं आणि ते मोजतात.

ओव्हरफ्लो भिंतीवरून काढू नका. हूवरला दोन्ही काठांवर एकेक बाजूचा सांडवा आहे, पाणी त्यात पडून तिरक्या बोगद्यानं खाली जातं, आणि हे खालचे बोगदे म्हणजे नदी वळवायला खणलेल्या चारपैकी बाहेरचे दोन, त्यांचाच पुढचा भाग. भिंतीच्या पायथ्याशी वीजघर आहे, वरून पाणी पडलं तर त्याच्या डोक्यावर. हे सांडवे १९४१ मध्ये चाचणीला सोडले तेव्हा ॲरिझोनाकडच्या बोगद्याचं अस्तर फाटून मोठा खड्डा पडला, एवढ्या वेगात पाणी काँक्रीट पण खातं. नंतर खरा उपयोग १९८३ च्या पुरात झाला, एवढ्या वर्षांत दोनदाच. मॉडेलमध्ये दोन्ही डोंगरांत माथ्यापेक्षा पाच मिमी खाली अशी आडवी खाच ठेवा नि तिथून पाइपमध्ये वाट काढा. सांडवा कशासाठी हे नागपूरकराला समजवायची गरज नाही, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नि अंबाझरी तलावाचं शहरात शिरलेलं पाणी आठवत असेल.

आता मनोरे. भिंतीच्या मागे पाण्यात चार मनोरे उभे आहेत, १२० मीटर उंच, त्यांतून पाणी टर्बाइनकडे जातं. कंड्युटचे १२ सेंमीचे चार तुकडे कापून दगडांवर एमसीलनं उभे करा. एकूण १७ मोठी टर्बाइन, क्षमता २०८० मेगावॉट, म्हणजे आपल्या कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचे ६६० मेगावॉटचे तीन संच मिळून होतात त्याच्यापेक्षा थोडी जास्त. पण कोळसा रोज येतो, पाण्याचं तसं नाही.

त्यासाठी भिंतीच्या पाण्याकडच्या अंगावर ऑइल पेंटनं रेषा मारा, मॉडेलचं खरं काम इथून सुरू होतं. पहिली रेष माथ्याच्या एक मिमी खाली, हा पूर्ण भरलेला तलाव. (सांडवा पाच मिमी खाली आहे तर इथवर कधी भरणार नाही, आपलं माप तेवढं कच्चं राहू द्या.) दुसरी तिच्याखाली ५.७ सेंमी, जुलै २०२२ मध्ये पाणी इथे आलं होतं, धरण पहिल्यांदा भरत होतं त्यानंतर इतकं खाली कधीच गेलं नव्हतं. तिसरी पहिलीच्या खाली ८.५ सेंमीवर, इथे वीज बंद. चौथी पहिलीच्या खाली १०.२ वर, याच्या खाली गेलं की धरणातून खाली पाणी सोडताच येत नाही, मृतसाठा.

तलावाचं नाव लेक मीड. भरलेला असताना १८० किलोमीटर लांब, आपल्या मापात १८० मीटर, म्हणजे टबातून निघून गेटबाहेर, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत. टबात त्यातलं फूटभर बसतं, बाकीचं मनात धरायचं. भरला की ३५ अब्ज घनमीटर, हजारच्या मापात ३५ हजार लिटर, पाच हजारवाले सात टँकर. तोतलाडोह याच मापात गच्चीवरची हजार लिटरची टाकी. हे मी प्रदर्शनात टाकीचा फोटो लावून दाखवायला सांगितलं होतं नि सगळ्यात जास्त लोक तिथेच थांबले.

मग टँकरचा हिशोब. १९२२ मध्ये कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या सात राज्यांनी पाणी वाटून घेतलं, मध्यस्थ होते तेव्हाचे वाणिज्य मंत्री हर्बर्ट हूवर, ज्यांचं नाव पुढे धरणाला लागलं. वरच्या चार राज्यांना वर्षाला आपले जवळपास दोन टँकर, खालच्या तिघांना दोन. पुढे १९४४ च्या करारानं मेक्सिकोला टँकरचा तिसरा भाग. झाले चार टँकर नि वर थोडं. आणि नदीतून २००० नंतर वर्षाला सरासरी येतात तीन. कारण असं की करार केला तेव्हा हाताशी ज्या वर्षांचे आकडे होते ती नेमकी भरपूर पाण्याची वर्षं होती, नंतर जुन्या झाडांच्या वलयांवरून कळलं की कित्येक शतकांत इतका ओला काळ कमीच. एवढी वर्षं भागलं कसं, तर वरच्या राज्यांनी आपला पूर्ण वाटा कधी उचललाच नाही. खालच्यांनी उचलला. त्यात ऊन वेगळं खातं, मीडच्या पृष्ठावरून वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी उडतं, तलाव भरलेला असताना म्हणजे वर्षाला एक अख्खं तोतलाडोह हवेत. ऑगस्ट २०२१ मध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर केली, २०२२ पासून कपात. भिंत तशीच मजबूत आहे, तिला काही झालेलं नाही.

शेवटची दोन कामं. तलावात एक गाव ठेवा, सेंट थॉमस, १९३८ मध्ये बुडालं नि पाणी उतरलं की पाये, पायऱ्या वर येतात. आपल्या मापात ते खरं पार गल्लीत येईल, पण टबातच पहिल्या रेषेच्या तीन सेंमी खाली बारीक गिट्टीची घरं चिकटवा. आम्ही आधी तुरीची डाळ चिकटवली होती, ती फुगून गाव दुप्पट झालं.

आणि पाणी नळाचं नाही, बोअरवेलचं भरा, जेवढं खारं तेवढं बरं. मीडच्या काठावर पाणी जिथवर होतं तिथवर खडकावर पांढरा पट्टा आहे, पाण्यातले क्षार बसलेले, २०२२ मध्ये तो पन्नास मीटरच्या वर उंच होता. आपल्या कूलरच्या टबाला नि ताटीला जो पांढरा थर बसतो तोच प्रकार. काळा दगड असला की उठून दिसतो.

प्रदर्शनात एका सरांनी भिंत वाजवून बघितली, छान म्हणाले नि पुढे गेले. दुसऱ्या मॅडम वाकून रेषा वाचत बसल्या नि भाचीला विचारलं, मग पाणी कुठून आणणार? ती म्हणाली, धरण पाणी आणत नाही मॅडम, ठेवते. मला वाटलं पहिला नंबर आला. तिसरा आला, पहिला लाइट लागणाऱ्या ज्वालामुखीला.

टब परत ऑटोत घालून आणला नि ताईच्या गच्चीवर ठेवला. मे लागला होता, मी म्हटलं पाणी भरून ठेव नि रोज सकाळी पेन्सिलनं खूण कर. रोज सेंटीमीटरभर उतरायचं. चौथ्या दिवशी सेंट थॉमस वर आलं, त्याच्या मागे दगडांवर पांढरा पट्टा. एक सातभाई येऊन मनोऱ्यावर बसायला लागला. नवव्या दिवशी मी साइटवर असताना तिचा फोटो आला व्हॉट्सॲपवर, तिसरी रेष उघडी, खाली लिहिलं होतं, "मामा वीज गेली. टँकर बोलावू का?"